निरोगी माणसाची बाटली

३ तारीख, सोमवार

ताई पुन्हा दवाखान्यात. या वर्षातली ही तिसरी खेप. सकाळी सातला फोन आला, "बारक्या, पोट." बस्स, एवढंच. मला बारक्या म्हणणारी जगात आता ती एकटीच उरली आहे. वजनकाट्याचं मत वेगळं आहे (एक्याण्णव किलो चारशे ग्रॅम).

खरं तर ही वही मी कोटासाठी सुरू केली. येत्या सोळा तारखेला माझ्या फोटो स्टुडिओला पंचवीस वर्षं होतील. उद्घाटनाच्या दिवशी घातलेला कोट घालून, त्याच पायरीवर उभं राहून, तसाच फोटो काढायचा बेत आहे. कोट तयार आहे, मी नाही. चार बटणांपैकी सध्या एकही लागत नाही. म्हणून गेले नऊ दिवस सकाळी काकडी, दुपारी काकडी आणि संध्याकाळी उकडलेल्या भाजीबरोबर पश्चात्ताप.

तर दवाखाना. सिस्टरने ताईला विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" ताई म्हणाली, "अकरा."

आता ताईने शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं. दशांशचिन्ह जरा सरकलं की अर्धा गुण कापणारी बाई. तिला दहापैकी अकरा होत नाहीत हे कळत नाही? इथेच मी काय ते ओळखलं. नऊ वर्षं हेच चाललंय. पोट दाबून बघावं तर मऊ, फोटोत काही नाही, रक्तात काही नाही. अपेंडिक्स काढून झालं, पित्ताशय काढून झालं, आता काढण्यासारखं फारसं उरलेलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "एकट्या राहतात ना? माणसांना लक्ष हवं असतं हो." मी मान हलवली होती. आजही मनात तेच आलं. इथे लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही.

४ तारीख, मंगळवार

दवाखान्यात नव्या डॉक्टरबाई आल्यात. तिशीच्या असतील. चालतात भरभर आणि ऐकतात सावकाश. ताईशी चाळीस मिनिटं बोलल्या. दुखणं कधी सुरू होतं, त्याआधी काय झालेलं असतं, जेवण किती?

"पेपर तपासायला बसले की जेवायचं राहून जातं," ताई म्हणाली. निवृत्त झाली तरी बोर्डाचे गठ्ठे घरी येतातच. "दोन-तीन दिवस चहावर काढते. मग हे असं."

"लघवीचा रंग?"

"लालसर. ठेवली तर आणखी गडद."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बहिणीच्या काही गोष्टी भावाने ऐकू नयेत.

मग माझ्याकडे वळून डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं व्हायचं का? म्हटलं, छे! आमचं खानदान ठणठणीत. बाबा तेवढे रागीट होते. रागावले की जेवण सोडायचे आणि मग पोट धरून दोन-दोन दिवस पालथे पडून राहायचे. आम्ही त्याला बाबांचा संप म्हणायचो. डॉक्टरबाईंनी हे सगळं लिहून घेतलं. संपात लिहून घेण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

त्यांना एका आजाराचा संशय आहे. पॉर्फिरिया. ताई म्हणाली, त्याची तपासणी दोन वर्षांपूर्वी झाली, काही निघालं नाही. तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "नमुने कुठे ठेवता?" सिस्टरने वॉर्डाच्या खिडकीकडे बोट केलं. तिथे ओळीने बाटल्या उन्हात बसलेल्या. दुपारी माणूस येऊन गोळा करतो म्हणे.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "जे शोधायचंय ते रसायन उजेडात टिकत नाही हो!"

आणि माझं डोकंच सणकलं. उजेडात टिकत नाही आणि खिडकीत ठेवता? मी पंधरा वर्षं डार्करूममध्ये काढली आहेत. एका लग्नाचा अख्खा रोल मी एकदाच, चुकून दार उघडून घालवला. त्या नवऱ्यामुलाचे वडील अजून मला पाहून रस्ता ओलांडतात. उजेड म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. तडक घरी गेलो, माळ्यावरची पेटी काढली. जुन्या फोटोपेपरच्या काळ्या जाड पिशव्या मी फेकल्या नव्हत्या. (बायको तेरा वर्षं "फेका" म्हणतेय. आज तिला सांगितलं, थांब, इतिहास घडतोय.) ताईची बाटली स्वतः दोन पिशव्यांत गुंडाळली, चिकटपट्टी मारली आणि वर लिहिलं, "उजेडात उघडू नये."

सिस्टर म्हणाली, "लघवी आहे की लग्नाचा अल्बम?"

५ तारीख, बुधवार

वजन नव्वद. श्वास घेतला नाही तर एक बटण लागतं. बायको म्हणाली, "अहो, तोंड बघा कसं पांढरं पडलंय." आपल्या यशाने दुखावणारी माणसं घरातच असतात.

६ तारीख, गुरुवार

आज विनोद सुचत नाही.

ताईचे पाय चालेनासे झालेत. कालपर्यंत बाथरूमला जात होती, आज उभी राहिली आणि गुडघ्यांतून खाली बसली. हातही ढिले. सही करायला पेन दिलं तर बोटांतून निसटलं. ही बाई फळ्यावर कंपासाशिवाय वर्तुळ काढायची, आणि ते वर्तुळच यायचं.

डॉक्टरबाई कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "मला वाटतंय तेच असेल तर नसांवर परिणाम सुरू झालाय. हे वर चढू शकतं. श्वासापर्यंत." तूर्त साखरेचं सलाईन लावलंय, त्याने थोडा आळा बसतो म्हणे. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेलाय.

मला भीती वाटतेय. नाटकात कुणाचे पाय असे जात नाहीत.

७ तारीख, शुक्रवार

रिपोर्ट आला. डॉक्टरबाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचं दुखणं खरं आहे. नऊही वर्षं खरं होतं."

ताईने विचारलं, "किती पट?"

"नेहमीच्या साठ पट."

"साठ," ताई म्हणाली आणि तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. पुसायला तिचा हात उचलत नव्हता आणि मला सुचलं नाही. मी भिंतीवरचं हात धुण्याच्या सूचनांचं पत्रक दोनदा वाचून काढलं. मग म्हणाली, "बारक्या, त्या मोठ्या डॉक्टरांना जाऊन सांग. साठ."

औषधाचं नाव हेमिन. इथे मिळत नाही. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयातून थंड पेटीत येतंय. चार बाटल्या, रोज एक.

जाताना डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "हे रक्ताच्या नात्यात असतं. तुमचीही तपासणी करायला हवी. जेवता ना वेळेवर?" म्हटलं, अगदी वेळेवर. काकडी मी घड्याळ लावूनच खातो. तपासणीचं सोळा तारखेनंतर बघू.

८ तारीख, शनिवार

पहिली बाटली. औषध कसलं, काळं कुळकुळीत पाणी. तेही उजेडाला नाजूक, म्हणून सिस्टरने बाटलीला स्वयंपाकघरातला चंदेरी कागद गुंडाळला. ताई पडल्या पडल्या म्हणाली, "हे काय, डबा आणलाय?" गुंडाळीला फट राहिली होती. मी ती सोडवून नीट बांधून दिली. सिस्टरच्या फक्त नाकपुड्या बोलल्या.

कोपराजवळच्या जाड शिरेतून अर्धा-पाऊण तास हळूहळू सोडायचं, मग साध्या सलाईनने शीर धुऊन काढायची, नाहीतर शीर सुजते. तेवढ्या वेळात डॉक्टरबाईंनी मला आजार समजावला. यकृतात हीम नावाचा माल बनतो. ताईच्या त्या कारखान्यातलं एक यंत्र जन्मापासून अर्ध्याच वेगाने चालतं. एरवी भागतं. पण उपाशी राहिलं किंवा नको ती गोळी पोटात गेली, की वरून हुकूम सुटतो, माल काढा! आधीची यंत्रं भरधाव सुटतात, ते एक अडतं, आणि मध्ये अर्धवट माल तुंबून नसांना छळतो. बाहेरून तयार हीम दिलं की कारखान्याला वाटतं, भरपूर आहे, आणि तो थंडावतो.

"म्हणजे स्टॉप बाथ!" मी ओरडलोच. फोटोचा कागद डेव्हलपरमध्ये पुरेसा उमटला की लगेच स्टॉप बाथमध्ये बुडवायचा असतो, नाहीतर तो काळाच होत जातो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालेल."

मी ताईकडे पाहिलं. लहानपणी तिच्याकडेच शिकवणी होती माझी. दहा वर्षांत तिने एकदाही मला "बरोबर" म्हटलेलं नाही. उत्तर चुकलं तर "पुन्हा कर", आणि आलं तर "पुढचं कर". आज म्हणाली, "पुढे काय होतं ते विचार."

९ तारीख, रविवार

दुसरी बाटली. दुखणं अजून नऊ. पण अकराचे नऊ झाले, हे काय कमी आहे?

आज मी एक प्रयोग केला. लघवी उन्हात गडद होणं ही या आजाराची खूण, असं सगळे म्हणतात. ठीक. पण तुलना केली का कुणी? फोटोचा कागदसुद्धा आम्ही आधी पट्टी कापून तपासतो. म्हणून वॉर्डाच्या खिडकीत दोन बाटल्या ठेवल्या. एक ताईची. दुसरी माझी, चिठ्ठीवर "निरोगी माणूस" असं लिहून.

दुपारी पाहतो तर काय, दोन्ही सारख्याच गडद! शेजारी ठेवल्या तर कुणाची कोणती ते चिठ्ठीवरूनच कळावं. निष्कर्ष स्पष्ट आहे: उन्हात कुणाचीही काळवंडते, या खुणेत काही अर्थ नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? डॉक्टरबाईंच्या लक्षात आणून द्यायला हवं, पण हळुवारपणे. नव्या आहेत, मन मोडायला नको.

ताईला अभिमानाने बाटल्या दाखवल्या. तिने बराच वेळ पाहिलं. मग अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाली, "बारक्या, तू शेवटचं पोटभर कधी जेवलास?"

तिलाही माझा कोट खुपतोय.

१० तारीख, सोमवार

तिसरी बाटली. दुखणं सहा! ताईला झोप लागली. उठल्यावर तिने लाल पेन मागितलं, आणि ते तिच्या हातात राहिलं. सलाईनच्या तक्त्यातली बेरीज दीडशे मिलिलिटरने चुकली होती म्हणे. सिस्टरने पुन्हा केली. चुकली होती.

डॉक्टरबाईंनी खिडकीतल्या बाटल्या पाहिल्या.

"निरोगी माणूस कोण?"

"मी!"

त्यांनी दोन्ही बाटल्या आळीपाळीने उजेडात धरून पाहिल्या. प्रयोगाने भारावल्या असाव्यात. मग विचारलं, "पोटात दुखतं का?" म्हटलं, किरकोळ, काकडी थंड असते. तर माझीच एक काळी पिशवी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "उद्या सकाळचा नमुना यात. आणि आजपासून जेवायचं. भरपूर. हे मी गमतीने सांगत नाहीये." मी सोळा तारखेचं सांगितलं. त्यांनी सरळ माझ्या बायकोला फोन लावला. तेव्हापासून घरचा चहा असा येतोय की चमचा उभा राहावा. घरात घरभेदी म्हणतात तो हाच.

आणखी एक गंमत. जाताना त्या फोनवर कुणाला तरी "अजून चार पाठवा" म्हणत होत्या. ताईचं चारमध्ये भागणार आहे. या लोकांना साठवणुकीची हौस भारी.

११ तारीख, मंगळवार

सत्त्याऐंशी किलो! चारही बटणं लागली!

गोड चहा बेसिनला पाजला. पोटात काहीतरी पिळतंय, पार पाठीपर्यंत. झोप नाही. आरशासमोर कोटात उभा असताना एकदम रडू आलं, आनंदाने असावं. सकाळचा नमुना भरलेली पिशवी स्टुडिओतच राहिली. ताईची चौथी बाटली झाली म्हणे, उद्या घरी सोडणार. मला आज जाववलं नाही.

१५ तारीख, शनिवार

मधले दिवस लिहिले नाहीत, कारण पेन धरण्याइतपत मी ठीक नव्हतो. ही नोंद ताईच्याच पलंगावर पडून लिहितोय. पलंग तोच, सिस्टर तीच, पेशंट बदलला. आज माझी चौथी बाटली. दुखणं तीन. डॉक्टरबाई म्हणाल्या, "प्रयोग उत्तम होता तुमचा. निष्कर्ष तेवढा उलटा काढलात." दुसऱ्याच्या बाटलीला पंधरा वर्षांचा डार्करूमचा अनुभव लावला आणि स्वतःची उन्हात ठेवून हसत बसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बाबांचा संप हाही संप नव्हता. त्यांना आम्ही हसायचो, हे आठवलं की हसू येत नाही.

उद्या सोळा. कोटाला आता एकच बाही आहे. बायको म्हणते, तसाच फोटो काढू. ती सकाळ-संध्याकाळ समोर बसून मला भरवते, आणि मी तोंड उघडतो. घरभेदी हा शब्द मी मागे घेतो.

बुधवारचं लिहायचं राहिलंय. ते लिहिल्याशिवाय वही बंद करता येणार नाही.

बुधवारी दुपारी मी स्टुडिओत, सवय व्हावी म्हणून कोट घालूनच, एका बाईंचा पासपोर्टचा फोटो काढत होतो. "हलू नका, हसू नका," म्हणालो, आणि मीच खाली बसलो. मग आडवा झालो. बाई बिचाऱ्या न हलता, न हसता म्हणाल्या, "आला का फोटो?" पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शेजारच्या दुकानदाराची गाडी. बायको. पोटात कुणीतरी ओला टॉवेल पिळावा तशी पीळ, आणि त्या टॉवेलला शेवटच येत नव्हता.

दवाखान्यात नेमके मोठे डॉक्टर भेटले. त्यांनी पोट दाबलं. "मऊ आहे," ते बायकोला म्हणाले. "बहिणीचं आजारपण मनावर घेतलंय. काही माणसं हळवी असतात."

मला ओरडून सांगायचं होतं की मी नाटक करत नाहीये. तोंडातून आवाज निघेना. छताकडे बघत होतो आणि मला दुसरंच काही दिसत होतं: याच डॉक्टरांसमोर, याच पलंगापासून चार पावलांवर उभा राहून मान हलवणारा मी. ताई तेव्हा इथे पडली होती. तिने ती मान पाहिली असेल. नक्कीच पाहिली असेल, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

बायकोने मात्र मान हलवली नाही. "बाजूला व्हा," ती म्हणाली, "नव्या डॉक्टरबाईंना बोलवा." ती काळी पिशवी स्टुडिओतून तिने आणली होती.

तेवढ्यात दारात ताई. घरी जायच्या कपड्यांत, एका हातात कागद, दुसरा हात भिंतीला. चालत आली होती. पावलं मोजून टाकत होती, पण चालत होती. मोठे डॉक्टर म्हणाले, "अहो, तुम्ही विश्रांती..." ती म्हणाली, "साठ पट आलं होतं. निरोप पोहोचला ना तुम्हाला? हा माझा भाऊ आहे. याचंही मोजा." शाळेत हाच आवाज ऐकून मागच्या बाकापर्यंत चिडीचूप व्हायचं. मोठे डॉक्टर बाजूला झाले.

तिच्यामागून डॉक्टरबाई आल्या, हातात चंदेरी कागदात गुंडाळलेली बाटली. ज्या "अजून चार" होत्या, त्या माझ्यासाठी होत्या. सोमवारीच मागवून ठेवल्या होत्या. चार बटणं सोडायला वेळ नव्हता. सिस्टरने कात्री घेतली आणि कोटाची बाही खांद्यापासून कापून काढली. मला पंचवीस वर्षांच्या त्या बाहीचं काहीही वाटलं नाही.

सुई लावताना सिस्टरने तक्ता पुढे ओढला. "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?"

मी आकडा शोधला. दहा फार लहान होता. दहात ते बसत नव्हतं.

"अकरा," मी म्हणालो.

म्हटल्यावर मला ताईकडे बघायची लाज वाटली, तरी बघितलं. "ताई," म्हणालो, "मी नऊ वर्षं तुला..." आणि रडू फुटलं. ते दुखण्याचं होतं की दुसरं कशाचं, ते मला सांगता आलं नसतं.

ताईने सिस्टरच्या हातातून तक्ता घेतला. पर्समधून लाल पेन काढलं, रकान्यात स्वच्छ अक्षरात अकरा लिहिले आणि पुढे खूण केली.

"बरोबर," ताई म्हणाली.